मदत हवी आहे: अॅडमिरल ट्रूब्रिज निर्दोष सुटला, मग त्याला परत जहाजं का नाही मिळाली?

नमस्कार मंडळी,

गावच्या हायस्कूलच्या स्मरणिकेसाठी लेख लिहितोय आणि अडकलोय, नौदलातलं कळणारं कोणी असेल तर प्लीज वेळ काढा. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते, 1915 ला मेसोपोटेमियात (आजचा इराक, तेव्हा तुर्कांच्या ताब्यात) गेले, तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात सापडले आणि 29 एप्रिल 1916 ला पुणे डिव्हिजन शरण गेली त्यानंतर त्यांची काहीच खबर आली नाही. आजी सांगायची की पणजीने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही, तार आली नाही म्हणजे माणूस गेला नाही असं तिचं म्हणणं.

तर आपली माणसं तुर्कांशी लढायला गेलीच का, हे शोधता शोधता मी गोबेन नावाच्या जर्मन जहाजापर्यंत पोचलो. हे जहाज ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटिशांच्या हातून निसटून 10 तारखेला तुर्कांकडे गेलं आणि ऑक्टोबरात त्याने तुर्की झेंड्याखाली रशियन बंदरांवर गोळे टाकले, की तुर्कस्तान युद्धात. आणि ते अडवण्याची संधी ज्याच्याकडे होती तो रिअर अॅडमिरल अर्नेस्ट ट्रूब्रिज.

ह्या माणसाचं करिअर बघा. त्याचे पणजोबा सर थॉमस ट्रूब्रिज म्हणजे प्रसिद्ध ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनचा साथीदार. हा स्वतः रशिया-जपान युद्ध पेटलं तेव्हा टोकियोत नेव्हल अटॅशे (वकिलातीतला नौदल अधिकारी), मग नौदलमंत्री चर्चिलचा नेव्हल सेक्रेटरी, 1912 मध्ये अॅडमिरल्टीच्या (ब्रिटिश नौदलाचं मुख्य खातं) नव्या वॉर स्टाफचा, म्हणजे युद्धाचे बेत आखणाऱ्या विभागाचा, पहिला प्रमुख, आणि मग भूमध्य समुद्रात क्रूझर स्क्वाड्रनचा (क्रूझर म्हणजे मधल्या आकाराच्या लढाऊ जहाजांचा ताफा) प्रमुख. डिफेन्स, वॉरियर, ब्लॅक प्रिन्स, ड्यूक ऑफ एडिंबरा अशी चार जहाजं. 6 ऑगस्टच्या रात्री तो गोबेनला गाठायला निघाला, बेत असा की अंधारातच भिडायचं. त्याचा फ्लॅग कॅप्टन (अॅडमिरलच्या जहाजाचा कप्तान) रे, तोफांमधला जाणकार, त्याने रात्रीच येऊन सांगितलं की उजेडात मोकळ्या समुद्रात गोबेन लांब राहून आपल्याला एकेक करून मारेल. उजाडायच्या आत गाठ पडत नाही असं दिसल्यावर पहाटे चारच्या सुमारास ट्रूब्रिज मागे वळला. नोव्हेंबरात कोर्ट मार्शल (लष्करी खटला) झालं, पूर्ण निर्दोष सुटला, पण समुद्रावरची कमांड परत कधीच नाही.

मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक, निर्दोष सोडलं तर मग शिक्षा कसली? आणि दुसरं, वरून आलेला हुकूम असा होता की "सुपीरिअर फोर्स"शी लढाईत पडू नका. ह्याला मराठीत काय म्हणायचं? मी "मोठं सैन्य" लिहिलंय पण इकडे चार जहाजं आणि तिकडे एक, मग मोठं कोण? मी हिशोबही करून बघितला. गोबेनच्या 11 इंची 10 तोफा, एक गोळा साधारण 302 किलोचा. ट्रूब्रिजच्या चारही जहाजांवर मिळून 9.2 इंची 22 तोफा, गोळा 172 किलोचा. म्हणजे कागदावर ट्रूब्रिजच्याच गोळ्यांचं वजन जास्त भरतंय!

प्रतिसाद 1

दादा, हिशोब बरोबर आहे पण अर्धा आहे. ह्या क्रूझरच्या 9.2 च्या बऱ्याच तोफा दोन्ही बाजूंना बसवलेल्या, त्यामुळे एका वेळी सगळ्या एका दिशेने चालत नाहीत. शिवाय रेंज गोबेनची जास्त, स्पीड जास्त आणि चिलखत जाड. अंतर किती ठेवायचं हे ज्याचा वेग जास्त तो ठरवतो, समुद्रात सगळं तिथेच आहे. म्हणून "मोठं सैन्य" नको, "वरचढ" लिहा, संख्येने नाही तर ताकदीने. पण एक लक्षात घ्या, 30 जुलैच्या त्याच हुकमात गोबेनसारख्या एकट्या जहाजाला जमल्यास गाठा असंही होतं, आणि वरचढ म्हणजे चर्चिलच्या डोक्यात ऑस्ट्रियाचं आरमार होतं. हुकूम लिहिणाऱ्याने एक धरलं आणि वाचणाऱ्याने दुसरं. मला स्वतःला ट्रूब्रिजचा दोष कमी वाटतो. 1916 ला जटलंडच्या लढाईत ह्या चारपैकी तीन जहाजं मोठ्या जर्मन तोफांपुढे सापडली आणि तिन्ही गेली, डिफेन्सवरचा एकही माणूस वाचला नाही.

प्रतिसाद 2

थोडं वेगळं मत. आरोप भित्रेपणाचा नव्हताच, पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग सोडला एवढाच होता. कोर्टाने हुकमाचे शब्द बघून सोडलं, पण नौदलातल्या लोकांना ते पटलं नाही. कमांड देणं अॅडमिरल्टीच्या मर्जीवर, त्यासाठी कोणाला दोषी ठरवावं लागत नाही, फक्त बोलवायचं नाही. प्रमोशन मात्र अॅडमिरल लोकांचं सीनियॉरिटीने व्हायचं म्हणून 1919 ला तो फुल अॅडमिरल झाला, ते बघून गोंधळू नका. जानेवारी 1915 मध्ये त्याला बेलग्रेडला पाठवलं, सर्बियाच्या मदतीला डॅन्यूब नदीवर, म्हणजे समुद्रावरून नदीवर! तिथे त्याने मनापासून काम केलं, सर्बियन लोकांनी त्याला मानलं, युद्धानंतर डॅन्यूब कमिशनचा अध्यक्ष झाला आणि 1926 ला वारला.

आणि ब्रिटिश अॅडमिरल क्रॅडॉकचं नक्की वाचा. त्याचाही जन्म ट्रूब्रिजसारखाच 1862 च्या जुलैचा, आणि तो ट्रूब्रिजचा मित्र. माझी गत ट्रूब्रिजसारखी होऊ देणार नाही अशा अर्थाचं त्याने लिहिलं होतं, आणि 1 नोव्हेंबर 1914 ला चिलीजवळ कोरोनेलला आपल्यापेक्षा भारी जर्मन स्क्वाड्रनवर चालून गेला. त्याची गुड होप आणि मॉनमथ ही दोन्ही जहाजं बुडाली, साधारण 1600 माणसं, त्या दोन जहाजांवरून एकही परत आला नाही. त्याच्या मदतीला जायचं म्हणून ठरलेलं जहाज कोणतं तर डिफेन्स, आणि ते पोचलंच नाही.

अजून एक दुरुस्ती. तुर्कस्तान एका गोबेनमुळे युद्धात आलं असं छापू नका. जर्मनीशी त्यांचा गुप्त करार 2 ऑगस्टलाच झाला होता. गोबेनमुळे गोष्टी घाईने घडल्या एवढं म्हणा. ऑफिसरचा हुद्दा आणि तारीख पडताळायची असेल तर जुन्या नेव्ही लिस्ट (नौदल अधिकाऱ्यांच्या छापील याद्या) स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने स्कॅन करून फुकट ठेवल्यात, महिन्यामहिन्याच्या आहेत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. "वरचढ" एकदम बसला, आणि गुप्त कराराचं मला माहीतच नव्हतं, मी सगळा भार ट्रूब्रिजच्या डोक्यावर टाकून मोकळा झालो होतो, तो परिच्छेद आख्खा काढतोय. काल तारखा परत लावताना एक दिसलं आणि मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरात ट्रूब्रिजचं कोर्ट मार्शल सुरू झालं 5 नोव्हेंबरला, त्याच दिवशी ब्रिटनने तुर्कस्तानशी युद्ध पुकारलं, आणि 6 तारखेला पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी मेसोपोटेमियातल्या फावच्या किनाऱ्यावर उतरली, त्यात मराठा पलटण होती. म्हणजे तिकडे बंद केबिनमध्ये वकील त्या पहाटेचा काथ्याकूट करत होते तेव्हा आपली पोरं चिखलातून चालायला लागली होती. लेख आता इथूनच सुरू करतो. फक्त एवढं सांगा, फाव लिहायचं की फाओ, आणि नकाशा कुठे चांगला मिळेल? मजकूर शनिवारी प्रेसला द्यायचाय.