स्टोअररूमचं कुलूप उघडत नाही, टाळ आत आहेत, शनिवारी दिंडी

प्रेषक: माई (भजन)
बुधवार, रात्री १०.१२

सगळ्यांना नमस्कार,

आत्ताच हॉलवरून आले. तळघरातली स्टोअररूम उघडत नाही. २३५८ तीनदा दाबला. टाळांचे चाळीस जोड, दोन्ही पखवाज, वीणा, पताका आणि पालखीचा सांगाडा, सगळं आत. शनिवारी सकाळी दहाला दिंडी बागेतून निघायची आहे. केअरटेकर म्हणतो की कुलूप तुमच्या मंडळाने बसवलेलं आहे, माझ्याकडे त्याचं काही नाही.

नानांना फोन लावला तर बंद. ते वारीत आहेत. पालखी आज बरडला असेल, तिथे त्यांनी फोन चार्ज तरी कुठे करावा. कोणाकडे नवा कोड आहे का? कृपया आजच कळवा.

माई

---

प्रेषक: सचिव
बुधवार, रात्री १०.४०

माई, कोड कोणाकडे असेल तर त्याने तो या लिस्टवर लिहू नये. लिस्टवर एकशे नव्वद लोक आहेत आणि जुनी पत्रं सगळ्यांना दिसतात. पाडव्याला नानांनी कोड बदलला तो याच कारणासाठी. मला त्यांनी तो तोंडी सांगितला होता. मी फोनमध्ये टिपून ठेवला आणि तो फोन मे महिन्यात ट्रेनमध्ये राहिला. चूक माझी आहे.

पण त्यांनी एक कागदही दिला होता, त्याचा फोटो सोबत जोडते. उघडत नसेल त्यांच्यासाठी मजकूर असा:

"चार अंक. एकही दोनदा नाही.
२३५८ – यातला एकही उरला नाही.
१९५० – यातला एक आहे.
७०२९ – यातला एक आहे.
जुना कोड फेकलेला नाही, देवळालीला जाऊन आलाय."

तिसऱ्या ओळीतला शेवटचा अंक ९ आहे की १, याची मला खात्री नाही. फोटो मोठा करून पाहा.

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, रात्री ११.०५

२३५८ माझ्या कार्यकाळात ठरला आणि नऊ वर्षं चालला. कधी तक्रार आली नाही. बदलायचा होता तर कार्यकारिणीच्या बैठकीत विषय यायला हवा होता. मी गेल्या आठवड्यात सतरंज्या पाहायला खाली गेलो होतो तेव्हा नीट बघितलंय, २, ३, ५ आणि ८ हीच बटणं घासून चकचकीत झाली आहेत. म्हणजे कोड तोच असणार. माईंनी जोर कमी लावला असेल. बटण पूर्ण आत जाईपर्यंत दाबावं लागतं.

---

प्रेषक: ग्रंथालय ताई
गुरुवार, सकाळी ७.२०

अण्णा, बटणं नऊ वर्षांत घासली गेली. तीन महिन्यांत नवी चार घासली जाणार नाहीत. शिवाय पहिल्याच ओळीत नाना सांगतायत की त्यातला एकही उरला नाही.

चहा घेता घेता सोडवलं. २, ३, ५, ८ गेले. उरले ०, १, ४, ६, ७, ९. यातून चार हवेत. दुसऱ्या ओळीतला ५ आधीच गेलाय, म्हणजे १, ९, ० यांतला एकच कोडात आहे. मग बाकीचे तीन ४, ६, ७ हेच, दुसरे येणार कुठून? इथपर्यंत शंका नाही.

आता तिसरी ओळ. त्यात ७ आहे आणि ७ कोडात आहे हे ठरलं. "यातला एक आहे" म्हणजे तो एक हा ७. म्हणून ० बाद. शेवटचा अंक ९ असेल तर ९ही बाद, आणि कोडात १. पण तो १ असेल तर १ बाद, आणि कोडात ९. सगळं त्या एका अक्षरावर अडलंय. भिंग घेऊन फोटो पाहिला. वरचं गोल आहे, खालचा फाटा डावीकडे गेलाय की कागदाची घडी आहे, ते कळत नाही.

---

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, सकाळी ८.०२

ताई, "एक आहे" आणि "एकच आहे" यात फरक आहे. नानांनी "एकच" लिहिलेलं नाही. किमान एक असा अर्थ घेतला तर तुमची पुढची सगळी मांडणी सुटते. हिशेबात असं धरून चालत नाही.

दुसरं म्हणजे कुलूपवाल्याला बोलवायचं कोणी ठरवत असेल तर आधी मला विचारा. या तिमाहीत दुरुस्तीच्या खात्यात काहीही शिल्लक नाही, गणपतीच्या हॉलची अनामत कालच भरली.

---

प्रेषक: काकू (स्वयंपाक)
गुरुवार, सकाळी ९.१५

१ आणि ९ वरून आठवलं. आमच्या साताऱ्याच्या घरी वडिलांच्या हातच्या किराणा याद्या असत. त्यांच्या ९चा फाटा इतका आखूड की दुकानदाराने एकदा खरा १ही ९ समजून १ किलोऐवजी ९ किलो हरभराडाळ पाठवली. आईने ती परत केली नाही, महिनाभर पुरणपोळ्या केल्या. नाना माझ्या वडिलांच्याच पिढीतले. त्यांचा ९ १सारखा दिसणं शक्य आहे, पण १ ९सारखा दिसणार नाही. म्हणून माझं मत, तो ९ आहे.

आणि माझं मोठं पातेलंही आतच आहे. शनिवारी साबुदाण्याची खिचडी दीडशे माणसांची. घरच्या पातेल्यात होणार नाही.

---

प्रेषक: दादा (ढोल पथक)
गुरुवार, सकाळी ९.३०

मी आज संध्याकाळी कामावरून सुटलो की हॉलवर जातो. ४, ६, ७ आणि १ किंवा ९, एवढं कळलं. क्रम कुठे दिलाय? चार अंकांचे चोवीस क्रम होतात. दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस. मी सगळे लिहून नेतो.

खोली उघडली की ढोलांना कृपया कोणी हात लावू नका. गेल्या वर्षी पालखी बाहेर काढताना दोन पानं फाटली होती.

---

प्रेषक: भाऊ (नाशिक)
गुरुवार, दुपारी १२.४८

देवळालीच्या ओळीकडे कोणाचंच लक्ष कसं गेलं नाही? ग्रुपवर एकाने पिनकोड सुचवला. नाशिकचे पिनकोड ४२२ने सुरू होतात आणि २ तर नानांनी पहिल्याच ओळीत बाद केलाय.

देवळाली म्हणजे कापरेकर मास्तर. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते. गणितात मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, शाळेचे तास संपले की आकड्यांशी खेळत बसायचं. १९४९ साली त्यांनी ६१७४ हा अंक जगापुढे ठेवला. आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांना तो जेवायच्या ताटावर शिकवला, म्हणून मला तोंडपाठ.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. उत्तराशी पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४. नानांनी १९५० उगाच नाही घेतला. करून बघा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सातवी वजाबाकी.

आता आपला जुना कोड देवळालीला पाठवा:

८५३२ – २३५८ = ६१७४

एका वजाबाकीत. जुना फेकलेला नाही, जाऊन आलाय. यात ४, ६, ७ आहेत आणि चौथा १. म्हणजे कागदावरचा अंक ९ आहे. काकूंचं बरोबर, ताईंचंही बरोबर. दादा, थेट ६१७४ दाबा.

---

प्रेषक: सचिव
गुरुवार, दुपारी १२.५५

भाऊ, कोड लिस्टवर लिहू नका असं मी काल पहिल्याच ओळीत म्हटलं होतं.

---

प्रेषक: एक डोंबिवलीकर
गुरुवार, दुपारी १.३०

भाऊंच्या पत्रात एक भर घालतो. कापरेकरांच्या डेम्लो संख्या आमच्या डोंबिवलीवरून आल्या. स्टेशनाचं जुनं नाव डेम्लो होतं आणि तिथेच त्यांना त्या सुचल्या. १, १२१, १२३२१ ही त्यातली देखणी मंडळी. मी वीस वर्षं त्या फलाटावर उभा राहिलो आणि हे मला इथे, लंडनच्या हॅरोत आल्यावर कळलं. गणपतीत मुलांसाठी यावर तासभराचा कार्यक्रम ठेवता येईल का? मी तयारी करतो.

---

प्रेषक: दादा (ढोल पथक)
गुरुवार, रात्री ८.५०

उघडलं नाही.

पहिल्यांदा ६१७४. मूठ फिरली नाही. मग त्या चार अंकांचे बाकीचे तेवीस क्रम. मग १च्या जागी ९ घालून चोवीस. यादीवर एकेक खूण करत गेलो, एकही सुटलेला नाही. बोट दुखतंय. भाऊ, वजाबाकी फार सुंदर आहे पण दार बंद आहे.

---

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, रात्री ९.१०

म्हणूनच मी सकाळी "एक" आणि "एकच" म्हणत होतो.

---

प्रेषक: अण्णा
गुरुवार, रात्री ९.२५

मी उद्या सकाळी स्वतः जाऊन २३५८ दाबतो.

---

प्रेषक: बापू
गुरुवार, रात्री ११.३५

मंडळी, मी लिस्टवर फारसा लिहीत नाही, आज रात्रपाळीच्या सुट्टीत सगळं एकदम वाचलं. इथल्या एका शाळेत एकवीस वर्षं देखभालीचं काम केलं, त्यात ही बटणांची कुलपं शेकड्याने उघडली, साफ केली, त्यांचे कोड बदलले. नानांनी पाडव्याला कोड बदलला तेव्हा पेचकस घेऊन मी त्यांच्या शेजारी होतो, पण त्यांनी मला पाठ करायला लावली ती दिशा, अंक नव्हेत. अंक बघू नकोस म्हणाले, मी बघितले नाहीत.

दादा, दाबण्याआधी सी दाबलात का?

बटणांच्या खाली डावीकडे सी आहे. या कुलपात वीज नाही, सेल नाही, आठवण ठेवणारं काही नाही. प्रत्येक बटणामागे एक छोटी खिटी असते. कोडातल्या अंकांच्या खिट्ट्या वेगळ्या आणि बाकीच्या वेगळ्या. बटण दाबलं की त्याची खिटी आत जाऊन तिथेच बसते. कोडातल्या सगळ्या आत आणि बाकीची एकही आत नाही, अशा वेळीच त्यांच्या खाचा एका रेषेत येतात आणि मूठ फिरते. एकदा आत गेलेली खिटी सी दाबल्याशिवाय बाहेर येत नाही.

माईंनी बुधवारी २३५८ दाबला. त्या चार खिट्ट्या तेव्हापासून आतच आहेत. त्यावर तुम्ही ६१७४ दाबलात तर कुलपाच्या लेखी आठ अंक दाबलेले झाले. बरोबर कोड घालूनही ते उघडणार कसं? तुमचे अठ्ठेचाळीस प्रयत्न हे खरं तर एकच प्रयत्न होते.

आणि यावरूनच दुसरी गोष्ट. या कुलपाला क्रम कळत नाही. आधी ६ दाबा की आधी ४, खिटी आत गेली एवढंच त्याला ठाऊक. एकच बटण दोनदा दाबलं तरी एकदाच दाबल्यासारखं, म्हणून नाना लिहितात "एकही दोनदा नाही". आणि म्हणूनच त्यांनी जागेबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. ताई, तुम्ही क्रमाचा विचार न करता सोडवलंत तेच बरोबर होतं. भाऊंची ७६४१, १४६७ आणि ६१७४ ही तिन्ही या दाराला एकच आहेत. मला वाटतं नानांना हे माहीत होतं, म्हणूनच त्यांनी हा आकडा या कुलपासाठी निवडला. कोड बसवून झाल्यावर ते बराच वेळ दाराकडे बघून समाधानाने हसत होते, ते का, हे मला आज कळलं.

उद्या जो जाईल त्याने: सी. मग ते चार अंक, कोणत्याही क्रमाने, प्रत्येक बटण टक् वाजेपर्यंत. मग मूठ उजवीकडे. नाही उघडलं तर पुन्हा सी, आणि १च्या जागी ९. बस्स, दोनच प्रयत्न.

बापू

---

प्रेषक: सचिव
शुक्रवार, सकाळी ७.४५

बापू, मनापासून आभार. पण मग क्रम नसेल तर दहा अंकांतून चार निवडण्याचे प्रकार फक्त २१० होतात. एका प्रयत्नाला पाच सेकंद धरले तरी साडेसतरा मिनिटांत कोणीही उघडेल. आत चांदीच्या पादुका आहेत. आणि आता अंकही लिस्टवर आलेच आहेत. पुढच्या बैठकीत कोड बदलणे आणि तो कोणत्या तिघांकडे असावा, हा विषय घेते.

---

प्रेषक: अण्णा
शुक्रवार, सकाळी ८.१०

पादुका माझ्या घरी ठेवाव्यात असं मी दोन वर्षांपूर्वीच सुचवलं होतं. तिघांत माझं नाव असावं. आणि माईंनी बुधवारी सी न दाबता २३५८ दाबला होता का, हेही विचारावं.

---

प्रेषक: भाऊ (नाशिक)
शुक्रवार, सकाळी ८.३०

अण्णा, सी दाबून २३५८ घातला तरी आता काय उपयोग, तो देवळालीला गेला. सकाळी मी मुलीला घेऊन हॉलवर जातोय. तिला वजाबाकी काल शिकवली, मूठ तिलाच फिरवू देणार आहे.

---

प्रेषक: माई (भजन)
शुक्रवार, दुपारी ११.२०

उघडलं! मीही भाऊंबरोबर होते. सी दाबल्यावर आत किती खिट्ट्या एकदम खाली पडल्या, त्याचा आवाज बाहेर ऐकू आला. मग भाऊंच्या लेकीने ४, १, ७, ६ असं तिच्या मनाच्या क्रमाने दाबलं आणि मूठ फिरली. म्हणजे तिसऱ्या ओळीत ९च होता.

बापू, तुम्ही उद्या दिंडीत वीणा घ्या ही माझी विनंती. नानांच्या जागी तुम्हीच हवेत.

टाळ मोजले. चाळीस जोड आहेत, पण अकरा जोडांचे दोर ओलीने कुजलेत, हातात घेतले की तुटतात. पखवाज ठीक, एकाला शाई लावावी लागेल. पातेलं काकूंसाठी वर नेऊन ठेवलंय. दादा, ढोल होते तिथेच आहेत.

जाड सुती दोर कोणाकडे आहे का? नाडीसारखा नको, हाताला रुततो. साधारण हातभर लांबीचे बावीस तुकडे लागतील. आज रात्री आठपर्यंत माझ्या दारात ठेवले तरी चालतील, मी जागून ओवते.

माई

---

प्रेषक: काकू (स्वयंपाक)
शुक्रवार, दुपारी ११.५०

दोर माझ्याकडे आहे, पांढरा, जाड. पापड वाळवायला बांधायची. साडेसहाला आणते आणि ओवायलाही बसते.