कृष्णधवल कार्टूनमधली मुलगी रंगमंचावर आणायची आहे: करडा रंग टिकवायचा कसा?

तापीकाठ:
२०२५ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘बूप!’ या संगीतिकेत बेटी बूप, म्हणजे १९३० सालची कार्टून नायिका, आपलं कृष्णधवल जग सोडून आजच्या रंगीत न्यूयॉर्कमध्ये येते. तशाच कल्पनेवर बालनाट्य बसवतोय. पात्र मात्र आमचं स्वतःचं: करड्या जगातली मुलगी थेट जळगावच्या फुले मार्केटात उतरते. १४ मुलं, दीड तास, संभाजीराजे नाट्यगृह, एप्रिलअखेर. रंगीत तालमीत निम्मे करडे कपडे मातकट दिसले, निम्मे जांभळट आणि चेहरे निळे. पिवळे सोडियम दिवे लावले की सगळं आपोआप कृष्णधवल दिसतं म्हणतात, खरं का? शिवाय गाण्यांना लग्नाचा बँड घ्यायचाय. पट्टी कोणती धरावी?

विंगेतला:
सोडियमचं खरं आहे, पण फक्त लो प्रेशर दिव्याचं. त्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, एकाच पिवळ्याचा, म्हणून लाल-हिरवं ओळखूच येत नाही. रस्त्यावर असायचे ते हाय प्रेशर. त्यांच्यात इतर रंग असतात, तिथेच फसगत होते. आणि खरा दिवा मिळाला तरी चित्र पिवळं-काळं दिसणार. वर तो तापायला दहाएक मिनिटं घेतो. नाद सोडा भो. करडेपणा कापडात आणि रंगभूषेत आणा, दिव्यांनी तो बिघडवू नये एवढंच बघा.

मातकट का दिसतं? हॅलोजन डिमरवर ४०-५० टक्क्यांपर्यंत उतरवला की उजेड नारिंगी होतो. उजेड कमी हवा तर काही दिवे बंद करा, उरलेले ९० च्या वर ठेवा. जांभळट दिसतं ते लाल-हिरवा-निळा मिसळून पांढरा करणाऱ्या एलईडी पारमुळे (पार म्हणजे रंगमंचावरचे डब्यासारखे दिवे). खरा पांढरा एलईडी असलेले पार मागवा आणि एका प्रवेशात हॅलोजनबरोबर मिसळू नका. पांढऱ्या कपड्यांना नीळ नको, टिनोपाल तर मुळीच नको. ब्लॅकलाइट (जांभळट अतिनील दिवा) लावलात तर कपडे ट्यूबलाइटसारखे पेटतील.

चार बोटं पट्टी:
दुकानाच्या उजेडात कापड पसंत करू नका. प्रत्येक ताग्याची चार बोटं पट्टी मागून घ्या, नाट्यगृहाच्या दिव्याखाली शेजारी शेजारी धरा. ‘काळं’ म्हणून घेतलेल्या तीन पट्ट्यांत एक निळी निघते, एक लालसर. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच छटा पुरतात. पण पोलकं आणि परकर यांत दोन छटांचं अंतर ठेवा, नाहीतर पंधराव्या रांगेतून नुसता करडा गोळा दिसतो.

रंगीत जगात जाण्यासाठी ‘बूप!’च्या दुसऱ्या अंकातली युक्ती उचलण्याजोगी आहे: वेश एका बाजूने कृष्णधवल, दुसऱ्या बाजूने रंगीत. नाचणारे वळले की जग बदललं! शिवण बरोबर नाकाच्या रेषेत हवी. दोन्ही कापडं शिवण्याआधी रात्रभर भिजवा. सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही, मग पहिल्याच धुण्यात शिवणीला चुण्या पडतात. आणि हा नाच रंगमंचाच्या मागच्या अर्ध्या भागात बसवा. पुढे आलं की कडेच्या खुर्च्यांवरून पाहणाऱ्यांचा कोन वाढतो, दुसरी बाजू डोकावते.

रंगपेटी:
पांढऱ्या-काळ्याचा पातळ थर सावळ्या कातडीवर निळसरच दिसतो. दहा भाग करड्यात साधारण एक भाग तपकिरी पॅनकेक (चेहऱ्याला लावायचा रंग) घाला, आधी मनगटावर लावून दिव्याखाली बघा. दोन पातळ थर, मधे पावडर थापायची. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहून जाते. हातांना करडे मोजे, ओठ काळे. गाताना लाल जीभ दिसणारच, तिचा विचार सोडा. जुन्या पेटीतलं मुर्दाडशिंग मुलांच्या तोंडाला लावू नका, त्यात शिसं असतं.

माइकची चिकटपट्टी रंगाच्या आधी लावा, पॅनकेकवर ती धरत नाही. एप्रिलच्या उकाड्यात रंग लावण्याआधी बर्फाचा फडका फिरवा. घाम टिपायचा, पुसायचा नाही.

विंगेतला:
पात्र स्वतःचं ठेवलंत ते बरं केलंत, बेटीचं नाव वा चेहरा तिकिटावर छापला असता तर हक्कांचा प्रश्न आला असता. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर) वेळेत पाठवा.

काळी पाच:
बँडवाल्यांची ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट सहसा बी फ्लॅटची, म्हणजे पेटीची (हार्मोनियमची) काळी ५, सप्तकातली पाचवी काळी पट्टी. त्यांना काळी ५, काळी २ आणि पांढरी ४ सोयीची. पांढरी ३ किंवा ७ दिलीत तर बोटं अडखळतात. मुलांना पांढरी ४ उंच पडली तर काळी २ वर उतरा.

उन्हात पितळी वाद्यांचा सूर चढतो, पेटी तशी चढत नाही. बाहेर जुळवून आत आणलं की गडबड. नाट्यगृहातच दहा मिनिटं वाजवून मग जुळवायला सांगा. सूर चढाच राहिला तर ट्रम्पेटची सरकनळी थोडी बाहेर ओढायची. चार ट्रम्पेट घेऊ नका, एकच घ्या, नाहीतर मुलांचे शब्द बुडतील. आणि १९३० च्या जॅझचा तो ‘वा-वा’ आवाज हवा असेल तर तुंबलेली मोरी उपसायच्या पंपाचं रबर आणा (नवीन!), दांडा काढून ट्रम्पेटच्या तोंडासमोर हाताने उघडझाप करायची.

लग्नाच्या तिथी आधी पंचांगात बघा. एप्रिलअखेर दाट मुहूर्त असला तर बँड मिळणं मुश्कील.