'सरवा': वेचणाऱ्याच्या हातून राहून गेलेल्या गाण्यांसाठी शब्द

दारव्हा, जि. यवतमाळ

रब्बीत आमच्याकडे ओलिताची लाइन (वीज) बहुतेक रात्रीच येते. हरभऱ्यात स्प्रिंकलर लावायचे, तीन तासांनी पाइप उचलून पुढच्या पट्टीत टाकायचे, आणि मधल्या वेळात डुकरं, रोही (नीलगायी) शिरू नयेत म्हणून जागल (रात्रभर राखण) करायची. माझं सगळं हिप-हॉप, म्हणजे रॅप गाणी, या जागलीत ऐकून झालं आहे. एका कानात इअरफोन, दुसरा कान शेताकडे. दोन पाइपबदलांच्या मध्ये तीन अल्बम बसतात, म्हणून मी सुटी गाणी ऐकत नाही, अख्खा अल्बम लावतो. गाणं पुढे ढकलायला खिशातून मोबाइल काढावा लागतो आणि हात चिखलाचे असतात. त्यामुळे नावडतं गाणंही ऐकलं जातं. माझी कितीतरी आवडती गाणी आधी अशीच नावडती होती. एकदा उजव्या कानाचा इअरफोन बिघडला म्हणून डावा लावला, तर वर्षभर ऐकलेल्या एका गाण्यात गिटार निघाली. ती फक्त डाव्या बाजूला होती.

आता प्रश्न. १९९४ साल घ्या. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला रॅपर नास याचा पहिला अल्बम आला, सप्टेंबरमध्ये नोटोरियस बी.आय.जी. या दुसऱ्या रॅपरचा. दोन्ही थोर, वाद नाही. त्या दोघांच्या मध्ये ऑगस्टमध्ये क्वीन्सच्याच ऑर्गनाइज्ड कन्फ्यूजन या जोडगोळीचा दुसरा अल्बम आला. त्यात एक गाणं सुटलेल्या गोळीच्या तोंडून आहे. गोळीच 'मी' म्हणून बोलते, कुठून निघाले, कुणाला लागले ते सांगते. दोन वर्षांनी नासने बंदुकीच्या तोंडून गाणं केलं आणि लोकांच्या लक्षात ते राहिलं. गोळीचं गाणं लक्षात असलेला माणूस मला अजून आमच्या तालुक्यात भेटायचा आहे.

अशा गाण्याला सगळे 'अंडररेटेड' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. त्यात कुणीतरी पेपर तपासून कमी मार्क दिल्यासारखं वाटतं. इथे पेपर तपासलाच गेलेला नाही. आपल्याकडे याला शब्द आहे का?

अकोट, जि. अकोला

भाऊ, मी शाळेत मराठी शिकवत होतो, हिप-हॉपमधलं मला काही कळत नाही. तरी शब्दापुरतं सांगतो. 'दुर्लक्षित' आणि 'उपेक्षित' हे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. दुर्लक्ष नकळतही होतं, लक्ष गेलं नाही इतकंच. उपेक्षेत दिसत असून न पाहणं आहे, करणाऱ्याचा दोष आहे. तुमच्या गोळीच्या गाण्यावर कुणी डूख धरलेला दिसत नाही, तेव्हा 'उपेक्षित' नको. 'दुर्लक्षित' चालेल, पण तो शब्द आता सरकारी झाला आहे. दुर्लक्षित रस्ता, दुर्लक्षित किल्ला. गाण्याला लावला की गाणं दुरुस्तीला आल्यासारखं वाटेल.

साकोली, जि. भंडारा

आमच्या धानपट्ट्यात याला शब्द आहे, सरवा. धान कापून भारे उचलले की बांधीत (धानाच्या वाफ्यात) लोंब्या राहतात. कापणाऱ्याच्या मुठीतून निसटलेल्या, पायाखाली दबलेल्या. त्या वेचायला बाया-पोरं जातात. दादा, तू रात्री शेतात बसून जे करतोस तो सरवाच आहे. मोठ्या नावांची गाडी भरून गेली, मागे राहिलेलं तू वेचतोस.

वरूड, जि. अमरावती

ताई, शब्द गोड आहे, पण मला खटकला. सरवा म्हणजे गरिबाचं पोट. आमच्या आजीने दुष्काळात सरवा वेचून घर चालवलं, तिला तो शब्द ऐकवत नसे. उरलंसुरलं, मालकाने सोडलेलं, असा त्याचा वास आहे. ज्या गाण्याला वर आणायचं त्यालाच उरलंसुरलं म्हणायचं?

दारव्हा

तुमच्या आजीसाठी तो शब्द काय होता हे मी खोडू शकत नाही. पण अर्थाच्या बाबतीत थोडा थांबा, कारण ताईंनी शब्द दिल्यापासून मी दोन दिवस तोच घोळवतो आहे.

कापसात दोन गोष्टी मागे राहतात. एक कवडी. किडकं, पिवळं पडलेलं, पूर्ण न उमललेलं बोंड. ते वेचणारीला दिसतं, पण चांगल्या कापसात मिसळलं तर भाव पडतो म्हणून ती मुद्दाम बाजूला ठेवते. दुसरी गोष्ट, चांगलं फुटलेलं बोंड, पण पानाआड राहिलं. त्यात खोट काहीच नाही. ज्वारीचं कणीस असो की धानाची लोंबी, सरव्यातला दाणा आणि कोठीतला दाणा दळल्यावर वेगळा काढता येत नाही. म्हणून मला हा शब्द हवा. 'कवडी' म्हटलं तर गाण्याचा दोष, 'उपेक्षित' म्हटलं तर ऐकणाऱ्याचा दोष. 'सरवा' म्हटलं की दोष कुणाचाच नाही, हात भरले होते एवढंच. १९९४ साली ऐकणाऱ्यांचे हात खरोखर भरले होते.

आणखी एक. ही कला उभी राहिली तीच सरव्यावर. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, तिथून हिप-हॉपचा जन्म धरतात. त्याने पाहिलं की गायन थांबून नुसते ढोल उरतात त्या काही सेकंदांत पोरं सर्वांत जास्त नाचतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन रेकॉर्ड प्लेअरांवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजवू लागला. गाणं विकत घेणाऱ्याने त्या तुकड्यासाठी रेकॉर्ड घेतलेली नव्हती. पुढे सॅम्पलर, म्हणजे गाण्याचा तुकडा साठवून पुन्हा वाजवणारी यंत्रं, आले तेव्हा लोक जुन्या बाजारात रेकॉर्डींचे खोके उपसून असे तुकडे शोधत. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये सगळे मिळून जेमतेम १० सेकंद मावत. दहा सेकंदांच्या ओटीत जेवढं बसेल तेवढंच वेचायचं.

लहानपणी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात मी खंजिरी वाजवत असे. भजन म्हणणारा दम घेतो तेव्हा दोन-चार मात्रा खंजिरी एकटी पडते. मला भजनातली तीच जागा आवडायची आणि हे कुणाला सांगायची लाज वाटायची. हर्कची गोष्ट वाचली तेव्हा कळलं की ती आवड बरोबर होती.

हिंगणघाट, जि. वर्धा

मग 'फरदड'ही घ्या ना. सरवा म्हणजे त्याच हंगामात राहिलेलं. फरदड म्हणजे वेचणी संपल्यावर पऱ्हाटी (कापसाचं झाड) उपटायची नाही, एक पाणी द्यायचं, मग त्याच झाडाला पुन्हा बोंडं येतात. उशिरा चाललेल्या गाण्याला तो शब्द बसेल.

दारव्हा

नुसत्या उशिरा चाललेल्या गाण्याला नको. झाड तेच आणि बहर दुसरा, असं असेल तरच फरदड म्हणावं. माझ्याकडे एकच चोख उदाहरण आहे, रॅपर एमएफ डूम. आधी तो झेव्ह लव्ह एक्स नावाने केएमडी या गटात होता. १९९३ मध्ये गटातलाच त्याचा भाऊ सबरॉक अपघातात गेला. पुढच्याच वर्षी तयार झालेला दुसरा अल्बम कंपनीने अडवला. मग काही वर्षं त्याचा पत्ता नाही. १९९९ मध्ये तो नव्या नावाने आला आणि पुढे चेहऱ्यावर धातूचा मुखवटा चढवून गात राहिला. आज लोक ज्याला ओळखतात तो हा दुसरा बहर. २०२० मध्ये तो गेला. त्याची केएमडीची गाणी सरवा, डूमची फरदड.

पण शेतकऱ्यासाठी या शब्दाला आता डाग लागला आहे हेही ध्यानात घ्या. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर फरदड ठेवू नका असंच कृषी खातं सांगतं, कारण अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. आमच्या गावात 'त्यानं फरदड ठेवली' हे आता तक्रारीच्या सुरात बोलतात.

अकोट

'सरवा' मला मान्य. व्याकरणाचं सांगतो. सामान्यरूप 'सरव्या', म्हणून 'सरव्यातलं गाणं', 'सरव्याला जाणे'. क्रियापद 'वेचणे'च, 'गोळा करणे' नको. वऱ्हाडीत 'येचणं'. आणि एक शंका. सरवा वेचताना मालकाची परवानगी लागते का? तुमच्या त्या तुकड्यांना लागत होती का?

दारव्हा

गुरुजी, नेमकं तिथेच घोडं अडलं. सुरुवातीची वर्षं बहुतेक कुणी विचारत नसे. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या गाण्यातल्या एका सॅम्पलवरून, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातून घेतलेल्या तुकड्यावरून, निकाल दिला. निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने होती. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची आधी परवानगी काढणं आलं आणि पैसे मोजणं आलं. एका गाण्यात दहा-वीस तुकडे जोडणं परवडेनासं झालं. त्या आधीच्या दाट विणीच्या अल्बमांसारखं काम मग क्वचितच झालं, आणि मला याचं वाईट वाटतं. ज्याची रेकॉर्ड त्याला पैसे मिळावेत हेही मला पटतं. दोन्ही पटतं, मी काय करू.

वरूड

अमरावतीच्या १००आरबीएच या रॅपरला यात कुठे बसवाल? शंभराचा आकडा हिंदीत 'सौ' वाचला आणि पुढे 'आरबीएच' म्हणजे 'रभ' जोडलं की 'सौरभ' होतं. नावातच शब्दचर्चा आहे. आमच्या पोरांना तो माहीत आहे, पण त्यांच्या मोबाइलमध्ये मुंबई-दिल्लीचीच गाणी जास्त.

दारव्हा

त्याची तर अजून वेचणी चालू आहे, आताच सरवा कशाला म्हणायचं?

गुरुजींच्या शंकेवरून काल मायला विचारलं. ती म्हणाली, "इचारा लागत नाई. पण मालकाची शेवटची गाडी धुऱ्याबाहीर गेल्याबिगर वावरात पाय ठिवाचा नाई. आन् एका बाईनं एकच तास धराचं, दुसरीच्या तासात हात घालाचा नाई." 'तास' म्हणजे पिकाची ओळ. हा नियम मी आधी ऐकला नव्हता. साकोलीकडे बांधीत तास नसतात, ताई, तुमच्याकडे बाया वाटणी कशी करतात?