चर्चच्या समाजसेवा संस्थेत नोकरी मिळतेय पण मी ख्रिश्चन नाही, आतून काम कसं असतं? अनुभव असणाऱ्यांनी प्लीज सांगा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येते, आज धागा काढतेय कारण संस्थेला आठवडाभरात हो-नाही कळवायचंय आणि घरात या विषयावर शांतपणे बोलणंच होत नाहीये.

माझं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं मास्टर्स) झालंय. आधी एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी निधीच्या) प्रोजेक्टवर होते, तो मार्चला संपला आणि पूर्ण टीम घरी बसली. आता अकोले तालुक्यात पाणलोट आणि बचत गटांच्या कामासाठी एका संस्थेत निवड झालीय. संस्था धर्मप्रांताची आहे, म्हणजे अध्यक्ष बिशप, डायरेक्टर फादर, ऑफिस चर्चच्या कंपाउंडमध्येच. काम मात्र मी आधी करत होते तेच, ग्रामसभा लावणं, शिवारफेरी, सीसीटीची (डोंगरउतारावरच्या सलग समतल चरांची) आखणी, गटांच्या वह्या तपासणं, कर्जाच्या फाइली घेऊन बँकेत खेटे घालणं. मुलाखतीत कोणी माझा धर्म विचारला नाही, उलट एका सिस्टरांनी अर्धा तास फक्त गटातल्या बायकांची थकबाकी कशी वसूल करशील यावरच धारेवर धरलं आणि मला ते फार आवडलं, खरंच सांगते.

अडचण घरची आहे. आम्ही वारकरी, बाबा माळकरी, दरवर्षी दिंडीत जातात. आई म्हणते उद्या स्थळ बघायला लागलो की मुलगी कुठे कामाला आहे विचारतील तेव्हा काय सांगायचं. मामा तर सरळ म्हणाला की ते आधी पाणी देतात आणि मग पाण्यात बुडवतात. फक्त आजी माझ्या बाजूने आहे. तिचं माहेर संगमनेरच्या पठारावरचं, दरेवाडीच्या बाजूचं. तिथे नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोटाचं काम झालं, त्यामागे फादर बाखर म्हणून एक स्विस जेझुइट धर्मगुरू होते, त्यांच्याच पुढाकारातून १९९३ मध्ये वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था उभी राहिली (ती चर्चची नाही, वेगळी आहे). आजी म्हणते आमच्याकडे कोणी देव बदला म्हटलं नाही, कुऱ्हाडबंदी करा, चराईबंदी करा आणि श्रमदानाला या एवढंच म्हटलं आणि त्याच्यावरूनच गावात भांडणं झाली.

तर माझं विचारणं असं आहे की रोजचं वातावरण कसं असतं, सकाळची प्रार्थना सक्तीची असते का, गावात गेल्यावर लोक मिशनवाली म्हणून संशयाने बघतात तेव्हा काय उत्तर देता, आणि परदेशी पैशांचे नियम कडक झालेत म्हणतात तर नोकरी टिकते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मला माझ्या मनाला पटणार नाही असं काही करावं लागेल का? धर्म वाईट की चांगला यावर वाद नको प्लीज, ज्यांनी काम केलंय त्यांचे अनुभव हवेत.

सह्याद्रीवासी

ताई, मी नाशिककडे अशाच एका संस्थेत बरीच वर्षं काढलीत आणि मी हिंदू आहे. आमच्या स्टाफमध्ये निम्म्याहून जास्त माझ्यासारखेच होते, कोकणा, महादेव कोळी, मराठा, बौद्ध, दोन मुस्लिम सुद्धा. कारण सोपं आहे, आदिवासी पट्ट्यात फिल्डवर्कर त्याच गावातला लागतो.

प्रार्थना सकाळी हॉलमध्ये पंधरा मिनिटं असायची, पेटीवर, मराठी भजनाच्याच चालीत, त्यामुळे मला कधी परकं वाटलं नाही. आमच्याकडे सक्ती नव्हती पण हजेरीचा मस्टर त्याच हॉलच्या दाराशी ठेवलेला असायचा, म्हणजे काय ते समजून घ्या. नंतर एका फादरांनी पाळी लावली, प्रत्येकाने आपल्याला हवं ते म्हणायचं. एक कार्यकर्ता ज्ञानोबांचं पसायदान म्हणायचा, कोणी बुद्धवंदना म्हणायचं. पुढे ते फादर बदलून गेले आणि नवीन आलेल्यांनी ते बंद केलं. हे नीट लक्षात घ्या, अशा संस्थेत डायरेक्टर बिशप नेमतात आणि काही वर्षांनी बदली करतात, त्यामुळे आज आवडलेलं वातावरण उद्या तसंच राहील याची खात्री नसते. आणि तुम्ही कितीही काम केलं तरी डायरेक्टर होणार नाही, ती खुर्ची फादरांचीच. प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर हे आपलं शेवटचं स्टेशन. मला त्याचं वाईट वाटायचं, अजूनही वाटतं, कारण निर्णय आमच्या डोक्यावरून व्हायचे.

पण काम! ते लोक गाव सोडत नाहीत. सीएसआरवाले तीन वर्षांत फोटो काढून निघतात, आमच्या सिस्टर एका पाड्यावर पावसाळ्यात पायी जायच्या, गरोदर बायकांची नावं त्यांना तोंडपाठ. कंपनीच्या प्रोजेक्टमध्ये मी असं कधी बघितलं नाही.

गावातल्या संशयाचं म्हणाल तर तोंडाने सफाई देत बसू नका. आम्ही प्रत्येक कामाचा हिशोब ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायचो, किती चर, किती मजूर, किती रुपये आले, श्रमदान किती. पाणलोट समितीत सरपंच आणि विरोधक दोघंही घ्यायचो. ज्या गावात भजनी मंडळाचा अध्यक्षच समितीचा सचिव होता तिथे धर्माचा प्रश्न परत निघालाच नाही.

कृष्णाकाठ

मी उलट बाजूने सांगते. मी एका हिंदू आश्रमाच्या फिरत्या दवाखान्यात नर्स होते आणि २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात वाटपाला होते. तुमचा प्रश्न चर्चपुरता नाहीये, आमच्याकडे आरती होती, व्हॅनमध्ये अंडं सुद्धा चालायचं नाही, आणि रजा मागितली की सेवेला आलात ना मग रजा कसली असं ऐकावं लागायचं. पगार दोन-दोन महिने लांबायचा आणि विचारायची लाज वाटायची कारण समोर स्वामीजी स्वतः जमिनीवर झोपणारे.

पुरातला एक प्रसंग सांगते. एका दात्याकडून किट आली होती, तांदूळ, तूरडाळ, तेल, ब्लँकेट, सॅनिटरी पॅड, आणि प्रत्येक पिशवीत त्यांच्या गुरूंचं फोटोवालं पुस्तक आणि सभासद होण्याचा फॉर्म. आमचे कोऑर्डिनेटर रात्री टेम्पोत चढले, आम्हा पाच-सहा जणांना बोलावलं, मोबाइलच्या उजेडात एकेक पिशवी सोडून पुस्तक बाहेर काढायला लावलं. पहाटेपर्यंत तेच चाललं होतं. दात्याला त्यांनी फोन करून स्वतः सांगितलं की पुस्तकं परत पाठवतोय, ज्याचं घर पाण्यात आहे त्याला पिशवी घेताना फॉर्म नको म्हणता येत नाही. दाता चिडला, पुढच्या वर्षी देणगी आली नाही. पण त्या माणसाखाली मी अजून कितीही वर्षं काम केलं असतं.

हे नुसतं एकाच्या मनावर नसतं बरं का. रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ ची एक आचारसंहिता आहे, त्यात स्पष्ट आहे की मदत गरजेवर द्यायची, जात-धर्म बघून नाही, आणि मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक मत पसरवायला करायचा नाही. ती तयार करणाऱ्यांत कॅथलिकांची कॅरितास आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस सुद्धा होत्या, म्हणजे ही अट चर्चच्या बाहेरच्यांनी त्यांच्यावर लादलेली नाही. तुमची संस्था ती मानते का ते विचारा, आणि मानते म्हणाले तर गेल्या आपत्तीत मदत कोणाला द्यायची याची यादी कोणी केली होती तेही विचारा. यादीचं उत्तर लगेच आलं पाहिजे.

स्पष्टवक्ता

ताई वाद नको म्हणालात म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्या गावात एका छोट्या गटाने आजारी माणसांच्या घरी जाऊन प्रार्थनेने बरं होईल, औषध बंद करा असं सांगितलेलं मी स्वतः बघितलंय, त्यात एका म्हाताऱ्याचे हाल झाले. त्यामुळे तुमच्या मामांना उगाच नावं ठेवू नका, त्यांची भीती कुठूनतरी आलेली असते.

सह्याद्रीवासी

स्पष्टवक्ता, ते चूकच आहे आणि त्याची तक्रार व्हायलाच हवी. पण तसे सुटे गट आणि दवाखाना चालवणारी जुनी मिशन यांना एकाच मापाने मोजू नका. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, अख्खा सांगली-कोल्हापूर भाग तिथे उपचाराला जात आलाय. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, दोघंही श्रद्धाळू ख्रिश्चन, आणि त्यांनी गावातल्याच बायकांना, बऱ्याचशा दलित आणि निरक्षर, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. तिथे औषध बंद करा नाही, उलट अंगारे-धुपारे सोडून औषध घ्या हे शिकवलं जायचं.

जमाखर्च

मी संस्थांचे ऑडिट करतो, नोकरी टिकेल का यावर लिहितो कारण त्यावर कोणी बोललं नाही. परदेशी निधीचा कायदा म्हणजे एफसीआरए, त्यात २०२० साली मोठे बदल झाले. आता सगळा परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतच येतो, एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे तो वळता करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन काम करणाऱ्या छोट्या संस्थांचं कंबरडं मोडलं ते यातल्या दुसऱ्या नियमाने. रजिस्ट्रेशन पाच वर्षांचं असतं आणि नूतनीकरण अडकलं की पैसा अडकतो. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं सुद्धा डिसेंबर २०२१ मध्ये नाकारलं होतं, जानेवारी २०२२ मध्ये परत मिळालं, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

त्यामुळे जॉइन होण्याआधी तीन गोष्टी काढून घ्या. तुमचा पगार कुठल्या प्रोजेक्टमधून आणि तो प्रोजेक्ट कुठपर्यंत मंजूर आहे. रजिस्ट्रेशनची मुदत कधी संपते. आणि सर्टिफिकेटवर संस्थेचं स्वरूप काय लिहिलंय, सामाजिक, शैक्षणिक की धार्मिक, कारण धार्मिक कामासाठी सुद्धा रजिस्ट्रेशन मिळतं आणि ते बेकायदा नाही, पण तुम्हाला माहीत असलं पाहिजे. प्रलोभन किंवा जबरदस्तीने धर्मांतर केल्याबद्दल खटला किंवा शिक्षा झालेली असेल तर रजिस्ट्रेशन मिळतच नाही, हे मामांना सांगता येईल. अपॉइंटमेंट लेटरवर पीएफ लिहून घ्या, तोंडी नको. आणि दहा किंवा जास्त लोक असतील तर लैंगिक छळाविरोधातली अंतर्गत समिती कायद्याने लागते, फादर-सिस्टर असले तरी लागते. तिच्यात बाहेरची सदस्य कोण आहे ते विचारा, काही वेळा ती फक्त कागदावर असते.

नगरकर

मी मराठी ख्रिश्चन आहे, तीन पिढ्या नगरच्या. माझा अनुभव तुमच्या नेमका उलट आहे आणि तोही ऐका. अशा संस्थेत मला सगळ्यात जास्त त्रास मी आपल्यातलाच म्हणून झाला. रविवारी चर्चमध्ये दिसलो नाही तर सोमवारी ऑफिसात विचारणा, सणाच्या तयारीला मीच, ख्रिसमसचा स्टेज मीच बांधायचा, त्याचे तास कुठे मोजले जात नाहीत. हिंदू सहकारी सहाला घरी जायचे. वरून नातेवाईक म्हणायचे फादरना सांगून आमच्या पोराला चिकटव. तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून तुमच्या वाट्याला हे येणार नाही, एका अर्थाने तुम्ही जास्त मोकळ्या राहाल.

आणि आईंना सांगा, आमच्या ऑफिसातल्या चार जणींची लग्नं नोकरीत असतानाच झाली, सगळी आपापल्या रिवाजाप्रमाणे, फादर जेवायला होते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. त्यांनी मधे काही म्हटलं नाही, कृष्णाकाठताईंचा टेम्पोचा प्रसंग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले की तुझा तो डायरेक्टर असा पिशव्या सोडणारा आहे का ते बघून ये, मी येतो बरोबर. सोमवारी जातोय. जमाखर्चदादा, सर्टिफिकेट दाखवा असं पहिल्याच भेटीत म्हटलं तर उद्धट वाटेल का? नोकरी हातची जायला नको.

जमाखर्च

अजिबात नाही. पूर्वी वार्षिक रिटर्न वगैरे गृह मंत्रालयाच्या एफसीआरए पोर्टलवर संस्थेच्या नावाने घरबसल्या सापडायचे, २०२२ मध्ये ती माहिती तिथून काढली, त्यामुळे आता संस्थेलाच विचारावं लागतं, सोबत प्रोजेक्टची मुदत आणि लेटरचंही विचारा. काही अडलं तर रविवारी मला व्यनि करा.