ग्रुप सात जणांचा, अभ्यास दोघांचाच. काय करू?

पूर्वभागवाली:
एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी चालू आहे. अशोक चौकाजवळ मैत्रिणीच्या घरी, वरच्या खोलीत रोज सातला जमतो. खाली यंत्रमाग, त्यामुळे बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्याची सवय आहे. पण पहिला अर्धा तास 'कोण कोण येतंय' यात, मग चहा, मग 'जाहिरात कधी निघणार'. नोट्स आम्ही दोघी काढतो, बाकीचे फोटो मारून नेतात. त्यात माझी सख्खी चुलत बहीणपण आहे, तिला काय बोलू? सोडून देऊ का ग्रुप?

होटगीरोडकर:
ताई, सोडू नका, माणसं कमी करा. आम्ही नऊ होतो, चार उरलो तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. कुणाला 'येऊ नको' म्हणावं लागलं नाही. एकच अट घातली: स्वतःच्या हातानं लिहिलेले पाच प्रश्न उत्तरासकट आणल्याशिवाय जिना चढायचा नाही. फोटोवाले आठवड्यात गळाले.

दुसरं, एकत्र बसून वाचू नका. वाचन घरी, जमल्यावर एकमेकांना प्रश्न विचारा. एकदा धन विधेयक (कर, सरकारी खर्चाचं विधेयक) निघालं. 'राज्यसभा 14 दिवस ठेवू शकते,' एकानं फाडकन सांगितलं. मी विचारलं, पंधराव्या दिवशी काय होतं? सगळे गप. तो उगाच वहीची पानं उलटतोय! शेवटी पुस्तक उघडलं: परत नाही आलं तर लोकसभेनं मंजूर केलं त्याच रूपात दोन्ही सभागृहांत मंजूर झालं असं धरतात. ते नुसतं वाचून माझ्या डोक्यात कधीच राहिलं नव्हतं, तिथं अडकल्यावर राहिलं.

रविवारी मोबाईल डब्यात ठेवून 100 प्रश्न, एक तास. चार चुकले की एक गुण जातो, त्यामुळे तुक्का मारलेल्या प्रश्नापुढं पेन्सिलनं टिंब द्यायचं. टिंबवाला प्रश्न बरोबर आला तरी चर्चेला घ्यायचा. आमची निम्मी चर्चा टिंबांवरच व्हायची. चहा शेवटी, हे विसरू नका.

कडकभाकरी:
का बे होटगीरोडकर, गड्ड्याच्या यात्रेला तरी सुट्टी देत होतास का? 😄
ताई, मी दोन ग्रुप सोडले. गणित-बुद्धिमत्ता एकट्यानंच होते, त्याला ग्रुप लावू नका. राज्यघटना, इतिहासाला ठीक.

होटगीरोडकर:
सिद्धेश्वरांच्या यात्रेला सुट्टी नाही दिली तर सोलापुरात राहायचं कसं राव. गणिताचं मान्य.

पूर्वभागवाली:
काल पाच प्रश्नांची अट सांगितली. आज सातपैकी चौघं आले. बहिणीनं तीनच आणले होते. आत्ता खाली जिन्यात बसून उरलेले दोन लिहितेय, आणि वर चहा उकळतोय म्हणून ओरडतेय.