कलेच्या इतिहासाचा ऑनलाइन तास: चाळीस चित्रं की एकच?

खडूफळा

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी कलेच्या इतिहासाचा पंचेचाळीस मिनिटांचा ऑनलाइन तास बांधते आहे. पहिल्या खेपेला लास्कोच्या गुहेतल्या आदिमानवाच्या चित्रांपासून पिकासोपर्यंत चाळीस स्लाइड केल्या होत्या. विसाव्या स्लाइडला थांबून विचारलं, "काही विचारायचंय का?" चॅटमध्ये एकाच मुलीने लिहिलं, "मघाचं चित्र परत दाखवाल का?" मी दाखवलं नाही, कारण अजून वीस स्लाइड उरल्या होत्या. ते मला अजून लागून राहिलं आहे.

दुसऱ्या खेपेला एकच चित्र घेतलं. ब्रसेल्सच्या संग्रहालयातलं, मेणाचे पंख लावून उडालेला ग्रीक कथेतला इकारस समुद्रात पडतो त्याचं. ते सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रॉयगेल याच्या नावावर आहे, पण हल्ली बरेच अभ्यासक ती त्याच्या हरवलेल्या चित्राची जुनी नक्कल मानतात. चित्राचं नाव सांगितलंच नाही. पाच मिनिटं माइक बंद, नुसतं बघायचं. चौथ्या मिनिटाला एकाने लिहिलं, "उजवीकडे खाली पाण्यात पाय आहेत!" मग सगळे झूम करून पाय शोधायला लागले, आणि पाठोपाठ खरा प्रश्न आला: "कुणीच कसं बघत नाहीये?" नांगरणारा आपल्या सरीकडे बघतोय, मेंढपाळ भलतीकडेच आभाळात, गळ टाकून बसलेला माणूस तर पायांच्या अगदी जवळ. मेणाच्या पंखांची गोष्ट मी त्यानंतर सांगितली, आणि ती सगळ्यांनी कान टवकारून ऐकली.

माझं मत आता पक्कं आहे. एका तासाला एकच चित्र. सन, शैली, चित्रकाराचं नाव हे सगळं बघून झाल्यावर.

कालरेषा

सपशेल असहमत. हा चित्र बघण्याचा तास झाला. चांगला झाला, पण इतिहासाचा नाही झाला. कशाच्या आधी काय आणि कशामुळे काय, हे ज्यात नाही त्याला इतिहास कसं म्हणायचं?

जपानी चित्रकार होकुसाईचं लाटेचं छापचित्र घ्या. लाट, होड्या, मागे एवढासा फुजी पर्वत, हे सगळं मुलांना दिसेल. पण तो निळा? तो प्रशियन निळा. १८व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला हा रंग व्यापारातून जपानला पोचला आणि १८३१च्या सुमारास या लाटेत उतरला. पुढे जपानी छापचित्रं युरोपात गेली आणि व्हॅन गॉग त्यांच्या तैलरंगात नकला करत बसला. रंग इकडून तिकडे गेला, चित्रं तिकडून इकडे आली. कितीही झूम केलंत तरी हे चित्रात दिसणार नाही, कुणीतरी सांगावंच लागतं. शिवाय वर्षाला आठ-दहा तास मिळणार. म्हणजे आठ-दहा सुटी चित्रं. मधली शतकं मुलांनी कुठून आणायची?

मोजपट्टी

तुम्ही दोघंही पडदा विसरताय. 'मोना लिसा' ७७ बाय ५३ सेंटीमीटर आणि पिकासोचं 'गेर्निका' ३.४९ बाय ७.७७ मीटर. मोबाइलवर दोन्ही तळहाताएवढी. एक असो की चाळीस, मुलांच्या डोक्यात हे खोटं माप बसतं आणि ते सहजी निघत नाही.

मी दोरी आणायला सांगते. ७.७७ मीटर मोजायची आणि जमिनीवर पसरायची. बहुतेकांच्या खोलीत मावत नाही. एका मुलीची दोरी दारातून बाहेर जिन्यापर्यंत गेली, आणि ती तिथूनच ओरडली, "हे एवढं रंगवलं?" ऑनलाइन तासातली ही पाच मिनिटं पडद्याबाहेरच घालवावी लागतात.

उलट जे पडद्यावरच जमतं ते मात्र सोडू नका. रेम्ब्राँटच्या 'नाइट वॉच'चं ७१७ गिगापिक्सेलचं (एक गिगापिक्सेल म्हणजे शंभर कोटी ठिपके) छायाचित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली खुलं केलं. चित्रासमोर उभं राहूनही दिसणार नाहीत इतक्या बारीक भेगा त्यात दिसतात. शिवाय १७१५ मध्ये नव्या जागी बसवायला या चित्राच्या चारही कडा कापल्या, हे कळलं की मुलं चवताळतात.

टिंब

खडूफळा यांना +१. अॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांची चित्रं बघायला शिकवण्याची पद्धत याच वळणाची आहे. तीनच प्रश्न: या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय सापडतंय? यातला 'कशावरून' फार मोलाचा. तो विचारला की मूल परत चित्राकडे वळतं.

एक पथ्य पाळा. चॅटमध्ये पहिलं उत्तर आलं की बाकीचे तेच लिहितात. म्हणून सगळ्यांनी उत्तर लिहून ठेवायचं आणि मी "तीन" म्हटल्यावरच पाठवायचं. तीस उत्तरं एकदम पडतात, आणि जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत त्यांचीही त्यात असतात.

कालरेषा

टिंब, हे तीन प्रश्न मी 'गेर्निका'वर वापरले आहेत, म्हणूनच बोलतोय. एक मुलगा म्हणाला, "सर्कशीला आग लागलीय." कशावरून? घोडा, बैल, वर दिवा, सगळे ओरडतायत. आणखी दोघांनी री ओढली, हशा झाला. मग मी सांगितलं, २६ एप्रिल १९३७, स्पेनमधल्या गेर्निका या गावावर विमानांतून बाँब टाकले. तो मुलगा गप्प झाला आणि तास संपल्यावर थांबून "सॉरी सर" म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याला अंधारात चालायला लावलं होतं. जिथे खरी माणसं मेली आहेत, तिथे आधी सांगा, मग दाखवा.

खडूफळा

कालरेषा, हे वाचून थांबले. 'गेर्निका'पुरतं तुमचं म्हणणं मान्य. अशा चित्राआधी निदान दोन वाक्यं सांगायलाच हवीत, आणि मी ती सांगेन.

पण त्या मुलाने काय वाचलं ते बघा ना. आग, किंकाळ्या, बिथरलेली जनावरं. ठिकाण सोडून सगळं बरोबर होतं. हे त्याला कुणी सांगितलं का? नसेल तर अजूनही सांगता येईल. तारीख आधी कळली असती तर त्याने बाँब शोधला असता, आणि तो चित्रात नाहीच.

मधल्या शतकांचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. शेवटची दहा मिनिटं सामायिक फळ्यावर काळाची रेघ ठेवून मुलांनाच चित्र तिच्यावर लावायला सांगावं, एवढंच सुचतंय.

कालरेषा

त्या मुलाला मी ते सांगितलं नाही. सांगेन.

दहा मिनिटांची रेघ मला पुरेशी वाटत नाही. त्यापेक्षा जोडी घ्या. जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५७चं, पुलावरच्या अवचित पावसाचं छापचित्र आणि व्हॅन गॉगने १८८७ मध्ये केलेली त्याची नक्कल. सन झाका. आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, ते मुलांना ओळखू द्या. 'कशावरून' हा प्रश्न इथे विचारा.

खडूफळा

हे करून बघते, पण दोन्ही एकदम उघडणार नाही. एकदम ठेवली की मुलं फरक शोधण्याच्या खेळात पडतील आणि पाऊस राहून जाईल. पहिली दहा मिनिटं फक्त हिरोशिगे. पुलावरची माणसं, त्यांच्या छत्र्या, पावसाच्या त्या बारीक सरळ रेघा.

मोजपट्टी

व्हॅन गॉगने भोवतीच्या चौकटीत जपानी अक्षरं दुसऱ्या छापचित्रांवरून उतरवून घातली आहेत. तिथे झूम नक्की करा. वाचता न येणारी अक्षरं बघून बघून काढताना हाताचं काय होतं, ते मुलं लगेच ओळखतील.