बेसमेंटचा पंप सारखा चालू-बंद, आणि जोराच्या पावसात आरसीसीबी पडतो

निझामपुरा_सोसायटी:
वडोदऱ्यात भूखी कांसेजवळ (पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला) सोसायटी आहे. बेसमेंट पार्किंगमध्ये अडीच फूट चौरस, चार फूट खोल खड्डा, त्यात 1 एचपी सिंगल फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप. दोन इंची पीव्हीसी लाइन 5 मीटर वर जाते, मग 25 मीटर आडवी रस्त्याच्या गटारापर्यंत. उतार आतल्या बाजूलाच आहे. फ्लोट (पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा स्विच) थेट मोटरच्या फेजमध्ये जोडलाय. पंप मिनिटभर चालून थांबतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. जोराच्या पावसात आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतो, आरसीसीबीच काढून टाकू. काढावा का?

पॅनेल_मांजलपूर:
अजिबात काढू नका. ओल्या फरशीवर उभ्या माणसाला वाचवणारी तेवढी एकच गोष्ट त्या लाइनीत आहे. 30 मिलिअँपिअरचा असेल तर तो पडतोय म्हणजे करंट कुठेतरी पाण्यात उतरतोय.

मेन बंद करून पॅनेलमधून पंपाच्या तिन्ही वायरी सोडवा. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा. 1 मेगोहमच्या खाली आलं तर पंप लावायचा नाही. मग खड्ड्यातला केबलचा जोड कापून मोटर आणि वरची केबल वेगवेगळी मोजा, फ्लोटची केबलही. पावसातच पडतो म्हणजे माझा संशय जोडावर: पाणी चढतं तेव्हाच तो बुडतो. मोटरच कमी दाखवत असेल तर ऑइल चेंबर उघडा. तेल दुधाळ झालं असेल तर मेकॅनिकल सील (मोटरमध्ये पाणी शिरू न देणारं) गेलं.

पाणी_उपसा:
चालू-बंदचं कारण वेगळं आहे. लाइनीत एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे का? दोन इंची पाइपात मीटरमागे जवळजवळ 2 लिटर पाणी असतं. तुमचा 30 मीटर पाइप परत उतरला की 60 लिटर खड्ड्यात येतात आणि पातळी 10 सेंटिमीटर चढते. फ्लोटची दोरी आखूड असेल तर तेवढ्यावर पंप पुन्हा लागतो. पाऊस नसताना पंप बंद करून बघा. पाणी भरभर चढून थांबलं तर ते पाइपातलं. संथपणे चढतच राहिलं तर झिरप.

निझामपुरा_सोसायटी:
मोजलं. जोडासकट 0.2 मेगोहम. जोड कापल्यावर मोटर 40, वरची केबल 100च्या वर, फ्लोटही ठीक. जोड तळापासून दोन फुटांवर होता, नुसती काळी टेप. एनआरव्ही नाही. आता नवीन वायरिंग कसं करावं?

पॅनेल_मांजलपूर:
खड्ड्यात जोड ठेवूच नका. टेप कितीही गुंडाळा, पाणी कडेने आत शिरतं आणि केबलच्या आवरणातून पुढे सरकत जातं. 3 कोर 2.5 चौरस मिमी तांब्याची फ्लेक्सिबल केबल पंपाच्या ग्लँडपासून (केबल आत शिरते तिथलं पाणीबंद तोंड) पॅनेलपर्यंत सलग घ्या. ग्लँडचं काम सर्व्हिस सेंटरमध्येच. 1 चौरस मिमीची घेऊ नका. मोटर सुटताना 30 अँपिअरच्या वर ओढते आणि 30 मीटरला 40 व्होल्ट वायरीतच जातात. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि दोष कपॅसिटरवर येतो.

फ्लोटमधून मोटरचा करंट नेऊ नका, आतले पॉइंट चिकटतात आणि पंप कोरडा चालत राहतो. 24 व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर (छोट्या करंटवर मोटरची लाइन जोडणारा स्विच), 230/24चा ट्रान्सफॉर्मर आणि नेमप्लेटच्या अँपिअरवर लावलेला ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट ओढला की ती बंद करणारा) घ्या. म्हणजे फ्लोटच्या वायरीत 24 व्होल्टच राहतील. फ्लोटच्या तीन वायरींच्या रंगांवर विसंबू नका. फ्लोट वर धरून मीटरने बघा: वर असताना जुळणारी जोडी आपली, तिसरीचं टोक वेगळं बंद करा. पॅनेल ऑगस्ट 2024च्या पुराच्या खुणेच्या वर, तळमजल्यावर न्या.

पाणी_उपसा:
एनआरव्ही पंपापासून फूटभर वर, काढता येईल असा युनियन (खोलता येणारा पाइपाचा जोड) लावून. फ्लोटच्या दोरीची लांबी वाढवा, पण तो भिंतीला अडकता कामा नये आणि पंप बुडालेला असतानाच बंद झाला पाहिजे. सगळ्यात धोक्याचं म्हणजे पाइपाचं बाहेरचं टोक. विश्वामित्री नदी चढली की कांस तुंबते, गटार भरतं, आणि आतल्या उताराने तेच पाणी उलटं वाहून बेसमेंटमध्ये येतं. एनआरव्हीत एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली तरी पुरे. टोक रस्त्याच्या पातळीपेक्षा दोन-तीन फूट वर नेऊन खाली वळवा, उघडं ठेवा, गटारात बुडवू नका. मग नळीने खड्डा भरून दोन-तीनदा पूर्ण फेरी चालवा आणि क्लॅम्प मीटरने करंट नेमप्लेटशी ताडून बघा.